कोब्याचं विरजण

आमच्या मोठ्या जाऊबाई एकदा आमच्या घरात चिकटल्या. मनानं नाही, पायानं.

हे मी कुणाला सांगत नाही. चार बायकांत माझं तोंड उघडत नाही, आणि उघडलंच तर आवाज बाहेर पडत नाही. त्यापेक्षा कागद बरा. तो मध्येच "मोठ्यानं बोल की!" म्हणत नाही.

तर या जाऊबाई नांदेडला असतात. त्यांना आम्ही अक्का म्हणतो. घराण्याच्या महालक्ष्म्या पहिल्यापासून त्यांच्याकडे. भाद्रपद आला की आम्ही औशाहून नांदेडला जायचं, अक्कांनी पुढं मखर सजवायचं, आल्यागेल्या बायकांना हळदीकुंकू लावायचं, आणि मी मागं स्वयंपाकघरात पुरण वाटायचं. लग्न झाल्यापासून मी महालक्ष्म्यांचं तोंड पाहिलं ते फक्त आरतीपुरतं. बाकी वेळ माझं तोंड पुरणाकडं! पण गेल्या वर्षी अक्कांचे गुडघे धरले आणि त्यांचा फोन आला.

"या साली महालक्ष्म्या तुझ्याकडं बसवू. मुखवटे घेऊन मीच येते. नीट झालं तर पुढंबी तुझ्याकडंच राहतील. न्हाई तर मंग माझ्या सुनंला देते."

मी "हाव" म्हणाले. फोन ठेवला आणि खाली पाहिलं.

खाली कोबा होता. घर बांधलं तेव्हा हे म्हणाले होते, "आत्ता नुसता सिमेंटचा कोबा करू, फरशीचं नंतर बघू." ('नंतर' ही आमच्या घरातली सगळ्यात टिकाऊ वस्तू आहे!) बैठकीच्या खोलीतल्या त्या कोब्याची रोज धूळ सुटायची. झाडलं की धूळ, पुसलं की चिखल. तेल सांडलं तर जन्माचा उपाशी असल्यासारखा पिऊन टाकायचा. अक्कांच्या फरशीत आपलं तोंड दिसतं. आमच्या कोब्यात मागच्या दिवाळीच्या पणत्यांचं तेल दिसायचं.

आता एवढ्यात फरशी कुठली बसणार? तेव्हा यांनी शोध लावला की कोब्यावर लावायचा लेप मिळतो. "लातूरला जाऊ, डबा आणू, लावून टाकू!" हे मोंढ्यात आडतीच्या दुकानावर बसतात. जगातली कुठलीही वस्तू पोत्यात नाही तर डब्यात मिळतेच, अशी त्यांची श्रद्धा आहे.

लातूरच्या दुकानदाराने डॉक्टरासारखं विचारलं, "बोला ताई, काय त्रास आहे कोब्याला?"

परक्या माणसाशी मी कशी बोलणार? मी यांच्या कानात सांगितलं.

"ती म्हणती, धूळ सुटती," हे म्हणाले.

"आणखी काही?"

मी परत कानाला लागले.

"ती म्हणती, लई पितो."

दुकानदाराने यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कोबा! कोबा पितो, तेल!" हे ओरडले. "मी माळकरी हाय!"

मग त्याने एकेक डबा पुढे मांडला. लाल ऑक्साईड लावला तर स्वस्तात काम होईल, पण बसलं की लुगड्याला लागेल. साधा ऑइलपेंट दिसायला झकास, पण खालून ओल आली की पोपडे धरील. बिनरंगाचा लेप कोब्यात मुरतो, धूळ थांबते. "पण त्याच्याखाली जुने डाग आणखी उठून दिसतात," तो म्हणाला. म्हणजे मागच्या दिवाळीचं तेल काचेच्या कपाटात ठेवल्यासारखं! नको बाई. शेवटी त्याने इपॉक्सी काढला. तेल पीत नाही, धूळ सोडत नाही, वर चकाकी. मी यांचा सदरा ओढला. सदरा ओढला की 'हेच घ्या' असं समजायचं, हे आमचं ठरलेलं आहे.

रंग गेरूसारखा लाल घेतला. सोबत एक लहान डबी होती. दुकानदार म्हणाला, "मोठ्या डब्यात रंग आहे, आणि या डबीत त्याला कडक करणारं औषध. ही डबी त्यात सगळी ओतायची, ढवळायचं आणि लगेच लावायचं. सगळी बरं का! थेंबभर मागं ठेवायचं नाही."

मी मान हलवली. मला पूर्ण कळलं होतं. हे तर विरजण!

सणाच्या तोंडावर रंगारी कुठला सापडायला? आत्याबाई (म्हणजे माझ्या सासूबाई) पदर खोचून पुढे आल्या. "जन्म सारवण्यात गेला माझा. सारवायला काय मिस्तरी लागतो का?"

आम्ही दोघींनी कोबा घासला, धुतला, वाळवला. मग मी मोठा डबा उघडला आणि लहान डबी हातात घेऊन आत्याबाईंना मोठ्या थाटात समजावलं, "हे विरजण. हे घातलं की ते घट्ट होतं."

"मंग समदी डबी कशाला ओतलालीस?"

"दुकानदार म्हणाला."

"दुकानदार म्हणणारच! त्याची डबी खपती. घागरभर दुधाला विरजण किती लावतीस?"

"चमचाभर."

"जास्ती झालं तर?"

"आंबट होतं."

"मंग!"

या 'मंग'पुढे आमच्या घरात कुणाचं काही चालत नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटलं! एवढी डबी एका खोलीसाठी ओतायची, हे माझ्याही जिवावर आलं होतं. मी मोजून दोन चमचे घातले. (एक जास्तीचा, सण म्हणून.) उरलेल्या डबीचं झाकण घट्ट लावून आत्याबाईंनी ती फडताळात, लोणच्याच्या बरणीमागे जपून ठेवली. पुढच्या वेळेला होईल!

आम्ही आतल्या दारापासून सारवत सारवत बाहेरच्या दारापर्यंत आलो. मधोमध हात सढळ पडला, दाराशी येईपर्यंत डब्याचा तळ खरवडावा लागला. पण दिसायला काय दिसत होतं म्हणता! लालबुंद, चकचकीत. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून स्वतःचं तोंड पाहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी बोट लावलं. बोट चिकटलं.

"लागलालंय," आत्याबाई म्हणाल्या. "दही बी आधी लुसलुशीतच असतं."

तिसऱ्या दिवशी मांजर आत शिरलं आणि एकेक पाय झटकत, आम्हाला शिव्या दिल्यासारखं ओरडत बाहेर आलं. यांनी अंदाज घ्यावा म्हणून वर्तमानपत्राचं पान टाकून पाहिलं. पान बसलं ते बसलंच. मग हे दारात उकिडवे बसून खालचा सोयाबीनचा भाव वाचू लागले.

शेवटी यांनी दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "डबी सगळी ओतली ना?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आत्याबाईंकडे पाहिलं. आत्याबाईंनी आढ्याकडे पाहिलं.

"वतली की," आत्याबाई आढ्याला म्हणाल्या, "लागंल तेवढी."

"ओतली म्हणतात," यांनी फोनवर सांगितलं.

"मग वाळेल. आभाळ आहे ना, वेळ लागतो."

आता मलाही शंका येऊ लागली होती. पण लावून ठेवलेल्या दह्यात परत विरजण कसं घालायचं? मी आभाळावर विश्वास ठेवला. ते गप्प बसतं, माझ्यासारखंच.

आम्ही मागच्या दाराने ये-जा करू लागलो. मखरसुद्धा मागच्या दारानेच आतल्या खोलीत नेऊन मांडलं. महालक्ष्म्या यायच्या दिवशी सकाळी मी पुढच्या दाराशी बोट लावून पाहिलं. तिथं लेप पातळ होता, बोट सुटून आलं. वाळलं! मी हात जोडले.

दुपारी अक्का मुखवट्यांची पेटी पोटाशी धरून रिक्षातून उतरल्या. दारातूनच त्यांनी आत पाहिलं आणि थांबल्या.

"अगं बया! फरशी बसवलीस का काय? माझ्यापेक्षा चकाकून राहिली की!"

लग्न झाल्यापासून अक्कांनी माझ्या पुरणाशिवाय कशाचं कौतुक केलं नव्हतं. मला रडू येईल असं वाटलं. तेवढ्यात मधल्या भागावर, चांगल्या ऐटीत, एक माशी येऊन बसली. उडाली नाही.

"अक्का," मी म्हणाले, "जरा… मागच्या दारानं…"

"काय म्हणून राहिलीस? मोठ्यानं बोल की!"

"मागच्या दारानं यायचं का?"

"लक्ष्मी कधी मागच्या दारानं येती का? येडी का खुळी!"

मी मात्र मागच्या दारानंच पूजेचं ताट आणायला गेले.

अंगणात तुळशीपाशी पूजा झाली. मोठी लक्ष्मी अक्कांच्या हातात, धाकटी माझ्या हातात. शेजारच्या बायका मागून चमच्यांनी ताटं वाजवू लागल्या. आत्याबाई मागच्या दाराने जाऊन आतल्या दारात उभ्या राहिल्या, कारण घरातल्या मोठ्या बाईनं विचारायचं असतं.

"कोण आलं?"

"महालक्ष्मी आली!" अक्का उंबरा ओलांडत म्हणाल्या.

"कशाच्या पावलानं आली?"

"सोन्याच्या पावलानं आली!"

पहिली दोन पावलं वाळल्या जागी पडली. मी डोळे मिटून मागोमाग गेले. मग 'चट्ट' असा आवाज आला. मग माझ्या पायाखाली 'चट्ट' झालं.

"कोण आलं?" आत्याबाईंनी पुन्हा विचारलं.

अक्कांनी खाली पाहिलं.

"अगं," त्या हळूच मला म्हणाल्या, "माझा पाय."

"हाव."

"हाव काय हाव? पाय निघंना माझा!"

"माझाबी."

"काय लावून ठिवलंस हे?"

"लेप."

"कशाचा? गुळाचा?"

दारातून हे ओरडले, "अक्का, मागं फिरा! दाराजवळ वाळलंय!"

"लक्ष्मी घेऊन मागं फिरू? डोस्कं ठिकाणावर हाय का भावजी!"

लक्ष्मी खाली ठेवता येईना, मागं फिरता येईना, पुढं सरकता येईना. दोघींचे हात गुंतलेले, पाय रुतलेले. अक्कांनी जोर लावून एक टाच उचलली तर खालून लाल तार निघाली, पाकासारखी! बायका मागून ताटं वाजवतच होत्या, कारण त्यांना थांबा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. आणि माझ्या हातातली धाकटी लक्ष्मी मोठ्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहत होती. मी मनातल्या मनात तिला म्हणाले, बाई, तुझी-माझी एवढीच गाठ. पुढच्या वर्षापासून तू अक्कांच्या सुनेकडं आणि मी पुरणाकडं.

डोळे भरून आले. पुसायला हात मोकळा नव्हता. म्हणून मी खाली पाहिलं, आणि मला माझा पाय कसा दिसला सांगू? परातीला चिकटलेल्या भाकरीसारखा!

"आत्याबाई!" मी ओरडले. "पीठ टाका! ज्वारीचं पीठ!"

ताटं थांबली. हे दारात सरळ उभे राहिले. मी एवढ्या मोठ्यानं बोलू शकते हे कुणालाच माहीत नव्हतं. मलासुद्धा नव्हतं.

"अगं बया," अक्का म्हणाल्या, "हिला आवाज हाय!"

आत्याबाईंनी पिठाचा डबाच आणला. भाकरीखाली टाकावं तसं मुठी मुठीनं पीठ भिरकावत त्या आतल्या दारापासून आमच्याकडे आल्या. पायांच्या कडेनं पीठ सारलं. आम्ही टाच सोडवली, बोटं सोडवली, पिठावर पाऊल ठेवलं. नाही चिकटलं! आत्याबाई पुढे पीठ टाकत उलट्या चालल्या, आणि चालता चालता त्यांना राहिलेला प्रश्न आठवला.

"कशाच्या पावलानं आली?"

"ज्वारीच्या पावलानं आली!" अक्का तोंडभरून म्हणाल्या, आणि ताटं पुन्हा वाजू लागली.

महालक्ष्म्या मखरात बसल्या. मी अक्कांच्या तळव्यांना तेल चोळत बसले. तेलाने लाल रंग सुटत होता, माझा धीर मात्र सुटून चालला होता. अशा वेळी आत्याबाईंनी काय करावं? त्या उठल्या, फडताळातून ती डबी काढून सगळ्यांसमोर ठेवली आणि म्हणाल्या, "घाबरू नगंस. विरजण लई शिल्लक हाय. पुढल्या साली होईल!"

यांनी डबी हलवून पाहिली. डुबुक डुबुक आवाज आला. यांनी कपाळाला हात लावला.

मी डोळे मिटून अक्कांच्या बोलण्याची वाट पाहत होते. पण आवाज आला तो हसण्याचा. अक्का पोट धरून हसत होत्या, इतक्या की गुडघ्यांचं दुखणंही विसरल्या.

"माझ्या घरची फरशी लई गुळगुळीत गं," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "तिच्यावरनं लक्ष्मी दर साली येती तशी घसरून जाती. हितं तरी बूड टेकून बसंल." आणि मुखवट्यांची रिकामी पेटी त्यांनी माझ्याकडे सरकवली. "ही आता तुझ्याच फडताळात ठिव. लोणच्याच्या बरणीमागं."

सण झाल्यावर यांनी तो सगळा लेप, पीठ, सोयाबीनचा भाव आणि माशी खरवडून काढली. नवा डबा आणला. या वेळी मी औषधाची डबी शेवटच्या थेंबापर्यंत ओतली, वर उलटी धरून ठेवली, आत बोट फिरवायचं तेवढं बाकी ठेवलं. कोबा दगडासारखा घट्ट झाला. आता तो तेल पीत नाही, धूळ सोडत नाही, आणि त्यात माझं तोंड दिसतं.

फक्त परवा घरी दह्याला विरजण लावताना माझा हात थबकला. मनात आलं, कमी पडलं तर? आणि मी अख्खी वाटी ओतली.

सकाळी यांनी पहिला घास घेतला आणि एक डोळा मिटला, तो बराच वेळ उघडला नाही.

"म्हणलं व्हतं की!" आत्याबाई म्हणाल्या. "जास्ती झालं की आंबट होतं!"

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. चमचा कुठं घालायचा आणि डबी कुठं ओतायची, एवढं शिकायचं राहून गेलं होतं. आता तेही शिकले, फक्त अदलाबदल करून!