अंग चोरून उभी राहणारी अक्षरं

भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी कामशेतच्या बाजारात होतो. समोरच्या टेम्पोच्या फळीवर त्यांच्याच वळणाची अक्षरं होती. ती वाचत मी ऐकत राहिलो... भाऊ म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. आंदर मावळातून लोणावळ्यात आले आणि जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवत राहिले.

पाटी ते कधी मोजून आखत नसत. पहिली अक्षरं ऐसपैस, गुबगुबीत. जागा संपत आली की उरलेली अंग चोरून उभी. मला मोजमापाची सवय, म्हणून मी एकदा टेप पुढे केला. "दाजी, जीपमधी उशिरा आलेल्या पाव्हण्याला बी सरकून जागा द्यायची असती. ते तुमच्या टेपात न्हाई बसत," ते म्हणाले. लोकांना तीच दाटी आवडायची. चिक्कीच्या दुकानांवर ती लांबून ओळखू येई.

मग फ्लेक्स आले, कामं कमी झाली आणि पुढे भाऊंच्या उजव्या हाताला कंप सुटला. ब्रश धरवेना. त्यांची मुलगी सुजाता पुण्यात अक्षररचनेचं काम करते. तिने जुन्या पाट्यांचे फोटो काढून त्यांच्या वळणाचा फॉन्ट केला. पहिला नमुना तिने भाऊंपुढे ठेवला.

"सुजे, पोरं चांगली हायेत. पण समदी कवायतीला उभी केलीस. ही माझी न्हाईत."

तिने सगळी अक्षरं एका मापात बसवली होती. हात गेलाच होता. आता वळणही जाणार, ही भीती त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती.

"मग तुमीच सांगा कोण कुटं दाटतंय," सुजाता म्हणाली आणि रविवारी त्यांच्याशेजारी बसू लागली. प्रत्येक अक्षराची तिने रुंद, मध्यम, चिंचोळी अशी रूपं केली. ओळ संपत आली की चिंचोळी आपोआप येतात.

"आता भरली जीप," भाऊ म्हणाले. ज्याच्या नावाने बोटं मोडत, त्या फ्लेक्सवाल्याकडे ते स्वतः फॉन्ट घेऊन गेले.

आता पाटी रंगवलेली की छापलेली, मला लांबून कळत नाही. जवळ जाऊन बोट फिरवतो. रंगाचा उंचवटा लागतो का बघतो. परवा एका नव्या दुकानाशी थांबलो. पाटी गुळगुळीत लागली.

"काय बघताय काका?" दुकानदाराने विचारलं.

"आमच्या मेहुण्यांचा हात आहे," मी म्हणालो.