सैनिकाच्या मुलीचं भाषण

त्या मे महिन्यात सीमेवर लढाई सुरू झाली, तेव्हा आमचे दहावीचे जादा तास चालू होते. उन्हामुळे शाळा सकाळी सातला भरायची आणि दहाच्या आत सुटायची. त्या आठवड्यात गणित मागे पडलं. भोंगा वाजला की बाकाखाली शिरायचं, कान झाकायचे, असा सराव रोज चालायचा. बाकाखाली बसल्या बसल्या पोरं टीव्हीवर ऐकलेलं एकमेकांना सांगायची. रोज कुठलं तरी शहर बेचिराख व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी ते शाबूत निघायचं.

माझ्या बाकावरची मैत्रीण सांगोल्याकडच्या एका खेड्यातली. घरी मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. शाळेसाठी ती सोलापुरात मामाकडे राहायची. तिचे वडील फौजेत होते, त्या वेळी सीमेवरच. चार दिवस त्यांचा फोन लागत नव्हता. वर्गात हे फक्त मला माहीत होतं. पाण्याच्या टाकीपाशी बाटली भरता भरता ती म्हणाली होती, "आई मेंढरांमागं जाती तवाबी फोन हातातच आसतो तिच्या. बॅटरी संपंल म्हनून कुनाला बोलतबी न्हाय."

वर्गशिक्षकांना एवढंच कळलं होतं, की वर्गात एका जवानाची मुलगी आहे. शनिवारी शाळेत सैनिकांसाठी कार्यक्रम होता.

"तू बोलायचं," सर तिला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "आणि तू लिहून दे. तुझी भाषा चांगली आहे."

वक्तृत्वाची बक्षिसं मी मिळवायचे. आम्ही घरी तेलुगू बोलतो, त्यामुळे माझ्या मराठीचं कुणी कौतुक केलं की मला जरा जास्तच चढायचं. एका बैठकीत भाषण लिहून काढलं. शेवट असा केला होता: माझे वडील परत आले नाहीत, तरी मी रडणार नाही. हसत हसत त्यांना देशाला देईन. सरांनी त्याखाली लाल रेघ ओढली आणि "वा!" म्हणाले.

मैत्रिणीनं कागद दोनदा वाचला.

"ह्ये तू लिवलंस?"

"हो."

"माजा बाप द्यायला मी कोन गं? आन् तू तरी कोन?"

"अगं, भाषणात असंच असतं," मी पुटपुटले. तिनं कागदाची घडी केली आणि दप्तरात टाकली. शाळा सुटल्यावर माझ्यासाठी न थांबता ती निघून गेली.

शनिवारी ती माइकसमोर उभी राहिली. पहिल्या चार ओळी नीट वाचल्या. मग कागद खाली केला.

"माजं आप्पा तितं हायती. लई दिस झालं, फोन न्हाय. त्येनी माघारी आलं पायजे. त्येंच्यासंगं हायती ती समदी आली पायजेत. न्हाय आली तर मी रडनार. हसनार न्हाय. बास."

ती उतरून आली. मागून कुणीतरी टाळ्या सुरू केल्या, सरांनी तिकडे पाहिलं, तशा त्या थांबल्या.

वर्गात आल्यावर सर तिला म्हणाले, "शाळेची लाज घालवलीस. पालकांना घेऊन ये." आणि मला म्हणाले, "सोमवारी परिपाठाला हेच भाषण तू कर. कसं बोलतात ते कळू दे हिला."

रविवारी मी भाषण पाठ करायला बसले. शेवटापाशी आले, की जीभ अडायची. माझे वडील पुढच्या खोलीत टॉवेलांच्या घड्या घालत बसले होते. त्यांच्याकडे बघून ती ओळ म्हणून पाहिली. म्हणता आली नाही.

सोमवारी मी माइकसमोर उभी राहिले. "हे भाषण मी लिहिलं होतं," मी म्हणाले. "माझं कुणी तिकडे नाही, म्हणून लिहिता आलं. मी ते वाचणार नाही." आणि कागद फाडला.

सरांनी मला मैदानात उन्हात उभं केलं. पाच मिनिटांत मैत्रीण वर्गातून उठून माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. पाठोपाठ आणखी सहा-सात जण आले. बाकीचे खिडकीतून बघत राहिले. त्यांचा मला राग आला नाही, पण आलेल्यांचे चेहरे मात्र मी अजून विसरले नाही.

मंगळवारी तिची आई पहिल्या एसटीनं आली. मुख्याध्यापिकांच्या खोलीत ती उभीच राहिली. सरही तिथेच होते, आम्ही दाराशी.

"लेकरू खोटं काय बोललं, सर?" तिनं विचारलं. "तुमी तुमच्या घरातलं मानूस धाडा आन् हसून दावा. मंग मी हिला हसाय शिकवती."

सर मुख्याध्यापिकाबाईंकडे बघू लागले. बाईंनी खुर्ची पुढे केली. "बसा. चहा घ्या." माफी कुणी मागितली नाही. आम्हीही नाही.

त्याच आठवड्यात लढाई थांबली. दोन दिवसांनी आप्पांचा फोन आला. ते आधी मेंढरांच्या पाण्याचं विचारत बसले, म्हणून आई त्यांच्यावर खेकसली म्हणे.

त्या वर्षी वक्तृत्वाला सरांनी दुसऱ्या मुलीचं नाव दिलं. तिनं बक्षीसही आणलं. मी प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवल्या.

श्रावणात आप्पा रजेवर आले आणि मैत्रीण चार दिवस शाळेला आली नाही. परतल्यावर तिनं अर्ज लिहिला. गैरहजेरीच्या कारणापुढे दोनच शब्द होते: वडील आले. सरांनी अर्ज वाचला, पेन काढलं आणि सही केली.