समुद्राचं पाणी आणून देणारे शेजारी

माझी खाऱ्या पाण्याची टाकी साठ लिटरची आहे. टाकीसाठीचं विकतचं मीठ परवडत नाही, म्हणून शेजारचे तांडेल दर रविवारी मासेमारीहून परतताना खोल समुद्रातलं पाणी कॅनमध्ये भरून आणतात. मी मीटर बुडवून क्षारतेचा आकडा मोठ्याने वाचतो. ते "आसांदे", म्हणजे असू दे, म्हणतात आणि निघतात. टाकीतल्या दोन माशांकडे वळूनही बघत नाहीत. रोज टोपल्या भरणाऱ्याला दोन माशांचं काय, असं मला वाटे.

गेल्या रविवारी वाऱ्यामुळे होड्या गेल्या नाहीत. मी जेटीवरचंच पाणी भरून आणलं. मीटरवर नेहमीचा पस्तीसचा आकडा आला, म्हणून टाकीत ओतलं. तासाभरात दोन्ही मासे आडवे झाले. मी तांडेलांना बोलावलं. त्यांनी पाण्यात बोट बुडवून हुंगलं.

"डिझेल आसा हेच्यात. तुमच्या मीटराक नाक खंय आसा?"

मग त्यांनी आपल्या पडवीतून एक भरलेला कॅन आणला. माझ्यासाठी दर खेपेला एक कॅन ते जादा भरून ठेवत, हे मला माहीतच नव्हतं. मासे पातेल्यात घेऊन ते पेल्याने पाणी उंचावरून ओतत बसले, हवा मिसळावी म्हणून. एक मासा गेला. दुसऱ्याचे कल्ले मंद हलत होते.

पलीकडून त्यांच्या पत्नीची हाक आली, "अवो, जेवक येवा! बांगड्याची कढी निवली."

"तू जेव गो! हो मासो पोवाक लागलो काय इलंय."

मासा पोहायला लागल्यावरच ते उठले; त्या दिवशी ते तीन वाजता जेवले.