चौथी सूचना

तंबूची मागची बाजू वरपासून खालपर्यंत फाटली होती. त्या फटीतून आतला पलंग दिसत होता आणि पलंगापलीकडे नदी. पलंगाचा एक पाय मोडला होता. चादरीवर शाळेच्या दप्तराचं जे काही उरलं होतं ते पडलं होतं, ओलं आणि चघळलेलं.

लॉजच्या मॅनेजर ब्रेंडाबाई माझ्याकडे वळल्या. "मिस्टर साळवे, फळांचं तुम्ही यांना सांगितलं होतं ना?"

मी म्हणालो, "हो. सांगितलं होतं."

मी सांगितलं नव्हतं.

मी टूर मॅनेजर होतो. श्रीरामपूरच्या एका टूर कंपनीत अजूनही आहे, पण आता ऑफिसात बसतो. टूर मॅनेजर म्हणजे गाईड नव्हे. गाईड तिथलाच असतो, त्याला जनावरं आणि जंगल माहीत असतं. टूर मॅनेजर आपल्या माणसांबरोबर घरून निघतो आणि त्यांना घरी आणून सोडतो. मधल्या काळात पासपोर्ट, गोळ्या, रुसवे आणि चहा हे सगळं त्याच्याकडे. आणि भाषांतर. आमच्या ग्रुपांत इंग्रजी समजणारे असतात, पण परदेशी माणसाचं भरभर इंग्रजी कानावर पडलं की सगळेच टूर मॅनेजरच्या तोंडाकडे बघतात.

तो ग्रुप आपल्याच जिल्ह्यातला होता. कोपरगाव, राहाता, संगमनेर. झांबेझी नदीच्या काठावर एक लॉज आहे, तिथे मुक्काम. तंबूंत राहायचं. तंबू म्हटल्यावर लग्नाचा मांडव डोळ्यांपुढे आणू नका. लाकडी चौथरा, त्यावर पलंग, आरसा, नळ, पुढे नदीकडे तोंड करून छोटा ओटा. फक्त भिंती जाड कापडाच्या.

ग्रुपमध्ये एकच लहान मूल होतं. ईश्वरी, वय नऊ. वडील नितीनराव, कोपरगावात त्यांचं ठिबकचं दुकान. बाकी सगळे जोडीनं आलेले, हे दोघंच बाप-लेक. कारण एअरपोर्टवर ईश्वरीनंच मला सांगितलं. घरी नवीन बाळ आलं होतं. आई बाळाजवळ, आजी बाळाजवळ, येणारा जाणारा बाळाजवळ. मग बाबांनी कबूल केलं होतं की एक ट्रिप फक्त आपल्या दोघांची.

"बाळाला न्यायचंच नाही," ती म्हणाली. "आणि पाणघोडे बघायचे. बोटीतून. जवळून."

"पाणघोड्याच्या फार जवळ जात नाहीत, बाळा."

"गाईड सांगतील तेवढंच जवळ," ती म्हणाली. अशी मुलगी होती. सांगितलेलं ऐकणारी.

लॉजवर पोचायच्या आधी वाटेतल्या बाजारात मी बस थांबवली. संत्री छान दिसत होती. मी पिशवीभर घेऊन बसमध्ये वाटली. आप्पा म्हणून राहात्याचे एक म्हातारे गृहस्थ होते, कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी एक सोलून तोंडात टाकलं आणि म्हणाले, "गोड हाय, पन आपल्या मोसंबीची सर न्हाई." उरलेली दोन मी ईश्वरीला दिली. तिनं ती दप्तरात ठेवली. संध्याकाळी नदीकडे बघत बाबांबरोबर खाणार होती.

लॉजवर पोचलो की पहिलं काम ब्रीफिंग. म्हणजे तिथे कसं राहायचं, काय करायचं नाही, याच्या सूचना. ब्रेंडाबाई बोलायच्या, थांबायच्या, मी मराठीत सांगायचो.

एकट्यानं कुठेही चालत जायचं नाही, कर्मचाऱ्याला बोलवायचं. मी सांगितलं.

तंबूची चेन कायम लावलेली ठेवायची. सांगितलं.

नदीच्या काठाला उतरायचं नाही, मगरी आहेत. सांगितलं. आप्पा म्हणाले, "आमच्याकडं उसात बिबट्या हाय. त्याच्यासाठी एवढं लांब यावं लागत न्हाई, तिकीटबी न्हाई." सगळे हसले. मीही हसलो.

चौथी सूचना ब्रेंडाबाईंनी जरा जोर देऊन सांगितली. तंबूत खायची वस्तू ठेवायची नाही. फळं तर अजिबातच नाही, त्यात संत्री मुळीच नाही. हत्तीला त्याचा वास लांबून येतो आणि कापडाची भिंत त्याला भिंत वाटत नाही. जे असेल ते सगळं आत्ता किचनमध्ये जमा करा.

मी तोंड उघडलं आणि समोरच्या माणसांकडे पाहिलं. विमानाचा प्रवास, बसचा प्रवास, चेहरे उतरलेले. प्रत्येकाच्या बॅगेत चिवडा, गूळपोळ्या, शेंगदाण्याची चटणी. आधीच्या एका ट्रिपला असंच सगळं जमा करायला लावलं होतं तेव्हा भांडण झालं होतं. "आम्ही काय चोरून आणलंय का," वगैरे. ती तक्रार आमच्या शेठपर्यंत गेली होती. निघताना शेठ म्हणाले होते, "साळवे, खाण्यावरून परत कटकट नको. माणसं जेवणावर खूश तर टूर खूश."

मला वाटलं, आत्ता नको. जेवणं होऊ देत. मग एकेकाच्या तंबूवर जाऊन गोडीत सांगू.

मी मराठीत म्हणालो, "आणि चला, जेवण तयार आहे."

ब्रेंडाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या लांब वाक्याचं इतकं छोटं भाषांतर कसं, असं त्यांना वाटलं असेल. मी मान डोलावली. झालं, म्हणून.

जेवण झालं. कुणाच्या तंबूत गरम पाणी नव्हतं, ते बघितलं. एकांची गोळ्यांची डबी सापडत नव्हती, ती शोधली. मग माझ्या तंबूत गेलो, पाच मिनिटं पाठ टेकू म्हणून आडवा झालो आणि झोपलो. उठलो तो आरडाओरड्यानं.

नितीनरावांचा तंबू अगदी शेवटचा. दुपारी दोघं पलंगावर पडली होती. मग ओट्यावर जाऊ म्हणून ईश्वरीनं वडिलांना उठवलं. ती दोघं पुढे येऊन बसली आणि थोड्याच वेळात मागच्या बाजूनं हत्तीण आली. कापड फाटल्याचा आवाज आला तेव्हा नितीनरावांना वाटलं वारा आहे. वळून पाहिलं तर सोंड पलंगावर फिरत होती. जिथे मुलगी झोपली होती तिथेच. त्यांनी तिला उचललं आणि पायऱ्यांवरून पळत सुटले. गाईडनं जीप आणली, इंजिनाचा आवाज करत हत्तिणीला हुसकलं. कुणाला ओरखडाही नाही. पण ती दोघं आणखी जरा वेळ पडून राहिली असती तर हे मी आज लिहू शकलो नसतो.

मी पोचलो तेव्हा सगळा ग्रुप तिथे जमला होता. ब्रेंडाबाईंनी विचारलं आणि मी हो म्हणालो.

त्यानंतर इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की नोकरीसाठी खोटं बोललो. लॉजनं कंपनीचं नाव काढून टाकलं असतं, शेठनी मला काढलं असतं, घरचे हप्ते होते. पण त्या क्षणी यातलं काहीच मनात नव्हतं. माणसं माझ्याकडे बघत होती, एवढंच होतं. ज्याच्या तोंडाकडे ती घरून निघाल्यापासून विश्वासानं बघत होती त्याचंच चुकलं, हे त्यांना कळू नये असं वाटलं. बस.

नितीनरावांना तेवढं इंग्रजी समजत होतं.  मुलीला म्हणाले, "ईश्वरी, दप्तरात काय होतं?"

"संत्री. काकांनी दिलेली."

"काकांनी सांगितलं होतं ना, तंबूत ठेवायची नाहीत?"

"नाही सांगितलं." तिनं बोटं पुढे केली. "एकटं चालायचं नाही. चेन लावायची. नदीकडे उतरायचं नाही. मग म्हणाले जेवण तयार आहे."

शब्दही माझेच, क्रमही माझाच.  मला वाटलं, संपलं आता.

मग आप्पा म्हणाले, "आगं, सायबांनी सांगितलंच असंल. आपनच गप्पा हाणत हुतो." त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "व्हय, माझं तर ध्यानच नव्हतं." आणखी दोघांनी माना हलवल्या. एका मिनिटात सगळ्या ग्रुपला आठवलं की आपलं लक्ष नव्हतं. माझ्या वाटणीचा दोष त्यांनी आपसात वाटून घेतला आणि उरलेला त्या पोरीवर ठेवला.

"मोठ्या माणसांना खोटं पाडायचं नाही," नितीनराव म्हणाले. "काकांना सॉरी म्हण."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. मी काहीतरी बोलेन म्हणून. काका आहेत, आता सांगतील, असं. मी बोललो नाही.

"सॉरी काका," ती म्हणाली.

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "असू दे बाळा. होतं असं."

मी तिला माफ केलं. माझ्या चुकीबद्दल.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट सफारी होती. जेटीवर, बाकी कुणी यायच्या आधी, नितीनराव एकटेच आले. म्हणाले, "सर, आम्ही दोघं नाही येत."

"अहो, लहान आहे ती. येऊ द्या."

"नाही. रात्रीपण तेच म्हणत होती, काकांनी सांगितलं नाही, सांगितलं नाही. चूक झाली तर झाली, पण तुमच्यासारख्या माणसावर ढकलते? आज कळू दे तिला."

तेव्हाही सांगता आलं असतं. आजूबाजूला कुणी नव्हतं, ब्रेंडाबाई नाही, ग्रुप नाही. एक बाप आणि मी. मी घड्याळात पाहिलं आणि म्हणालो, "तुमची मर्जी."

बोट निघाली तेव्हा ईश्वरी रिसेप्शनच्या पायरीवर बसली होती, नदीकडे पाठ करून. त्या दिवशी पाणघोडे खूप दिसले. आप्पा म्हणाले, "आपल्या म्हशीच हायेत, पन तोंड लईच मोठं." गाईडनं मला खास बोलावून एक पिल्लू दाखवलं. ते आईच्या पाठीवर डोकं टेकून पाण्यात उभं होतं. मी त्याचा फोटो काढला आणि टूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. नितीनरावांनी अंगठा दाखवला. वर लिहिलं, "साळवे सरांना आमच्यामुळे त्रास झाला, क्षमस्व."

मी दर रविवारी चर्चला जातो. सगळ्यांबरोबर पापांची कबुली म्हणतो. त्या प्रार्थनेत कुणाचं नाव घ्यावं लागत नाही. मला ती सोयीची होती.

गेल्या उन्हाळ्यात नितीनराव ऑफिसात आले. केरळ ट्रिप विचारायला. बरोबर एक उंच मुलगी. बारावी झालेली, पुण्याला जाणार. मी ओळखलं नाही. तिनं ओळखलं.

चहा आला. नितीनराव खुशीत होते. "आता चौघं जायचं म्हणतोय. धाकटा मोठा झाला. फक्त हिच्याकडे कसली जबाबदारी देऊ नका सर. विसरभोळी आहे. तुम्हाला आफ्रिकेपासून माहीत आहे."

ती हसली. "काका, मी किती वर्षं भांडले याच्यावरून. मला पक्कं वाटायचं तुम्ही सांगितलंच नव्हतं. नंतर कळलं, माझंच डोकं असं आहे. आता पेपरला बसले तरी प्रश्न तीनदा वाचते. काहीतरी सुटलं असेल असं वाटतं. मग पेपरच पुरा होत नाही."

हे ती गंमत म्हणून सांगत होती. वडीलही हसत होते. घरात या गोष्टीवर बऱ्याचदा हसून झालं असणार.

मी म्हणालो, "नितीनराव, मी त्या दिवशी फळांचं सांगितलं नव्हतं."

"कधी?"

"लॉजवर. ईश्वरी म्हणाली तेच खरं होतं. मी चौथी सूचना गाळली, मग विसरलो, आणि सगळ्यांसमोर खोटं बोललो."

नितीनरावांनी चहाचा कप टेबलावर ठेवला. ते माझ्याकडे बघत नव्हते, मुलीकडेही नाही. भिंतीवरच्या हाऊसबोटीच्या पोस्टरकडे बघत होते. मग म्हणाले, "मी हिला बोटीवर जाऊ दिलं नव्हतं."

एवढंच. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ईश्वरी म्हणाली, "म्हणजे मला बरोबर आठवत होतं."

"हो."

"शब्द न् शब्द."

"हो, बाळा."

नितीनराव उठले आणि बाहेर जाऊन गाडीपाशी उभे राहिले. ती त्यांच्या मागे निघाली, दारातून परत वळली.

"काका, ती चौथी सूचना नीट काय होती?"

मी खुर्चीतून उठलो. का ते माहीत नाही, पण बसून सांगवेना. "तंबूत खायची वस्तू ठेवायची नाही. फळं अजिबात नाही, संत्री तर मुळीच नाही. हत्तीला लांबून वास येतो. जे असेल ते आत्ता किचनमध्ये जमा करायचं."

तिनं पूर्ण ऐकून घेतलं. पूर्वीसारखंच.

"हं," ती म्हणाली. "आता सांगितलंत."

केरळचं बुकिंग त्यांनी आमच्याकडे केलं नाही. मी शेठना कारण सांगितलं. शेठ म्हणाले, "आता कशाला उकरून काढलंत? कुणी विचारलं होतं का?" विचारलं नव्हतं, हे खरं आहे.

नवीन टूर मॅनेजर घेतले की ट्रेनिंगला मीच असतो. ब्रीफिंगचं शिकवताना मी त्यांना सांगतो की समोरचा जेवढं बोलेल तेवढं पूर्ण सांगायचं, माणसं नाराज झाली तरी. आणि एखादी सूचना राहिली, तर राहिली म्हणायचं. लगेच, तिथेच, सगळ्यांसमोर. नंतर गोडीत सांगू म्हणून ठेवायचं नाही.

पोरं वहीत लिहून घेतात. एकानं विचारलं, "सर, असं कुणाच्या हातून झालंय का?"

मी म्हणालो, "माझ्या," आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.