कुठून उतरून राहिलात?

नदीकाठच्या गावात शिरले की बिरादार साहेब रामराम घालायच्या आधी विचारायचे, "नदीत कुठून उतरून राहिलात?" लोक बोट दाखवायचे आणि साहेब सायकल तिकडे वळवायचे.

लातूर तेव्हा नवा जिल्हा झाला होता. आमच्या बांधकाम ऑफिसात टेबलं आली होती, खुर्च्या उस्मानाबादेहून यायच्या होत्या. मी नकाशे काढायचो, साहेब इंजिनिअर. मूळचे उदगीरचे. जीप मिळाली तरी सायकल सोडली नाही. "जीपमधून नुसता फुफाटा दिसतो," म्हणायचे. साहेब म्हणावा असा डौल त्यांच्यात कधी आलाच नाही, आणि म्हणूनच ते मला आवडायचे.

मांजरेकाठच्या एका गावाला दुष्काळी कामातून पूल मंजूर झाला. फक्त पायी आणि सायकलीनं जाणाऱ्यांसाठी. हायस्कूल पलीकडच्या काठाला होतं. नदीला पाणी आलं की पोरींची शाळा सुटायची, आणि एकदा सुटली की सुटलीच. साहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला. साऱ्या गावानं एकच पायवाट दाखवली. मी ती नकाशावर घेतली.

आखणीला चुन्याची फक्की टाकायच्या दिवशी साहेब त्या वाटेनं कोरड्या पात्रात उतरले. निम्म्यात वाट संपली. तिथं झिरे खणले होते, बायका वाटीनं घागरी भरत होत्या. पुढे एक पाऊल उमटलेलं नव्हतं.

"मावशी, शाळेकडं कुठून जाता?"

"ते वरल्या अंगाला, कोसभर. हितं पाण्याला उतरून राहिलो. पलीकडं नुसतं काळं रान हाय, पावसात माणूस रुततंय."

साहेब वाळूतून मागे वळले. मग मला म्हणाले, "कुठून उतरून राहिलात इचारलं, त्येंनी खरं तेच सांगितलं. दुष्काळात माणूस पाण्याकडंच चालणार की. येडं मी."

वरिष्ठांनी समजावलं, "बिरादार, आहे तिथंच बांधा. जागा बदलली तर मंजुरी परत जाईल."

"मग शाळा उचलून हिकडं आणावी लागंल साहेब," ते म्हणाले आणि जागा बदलल्याचा शेरा मारला. मंजुरी परत गेली. पुढच्या साली पाऊस पडला, दुष्काळी कामं बंद झाली. 'हातातला पूल साहेबानं घालवला,' असं गाव म्हणायला लागलं. साहेब तरीही जात राहिले. त्यांना कुणी चहा विचारत नसे. मग त्यांची नांदेडला बदली झाली.

पूल झाला तो ते निवृत्त झाल्यावर, वरल्या अंगाला, त्यांनी सांगितलेल्या जागी. मी त्यांना मुद्दाम घेऊन गेलो. शाळा भरायची वेळ होती. दप्तरं लावलेल्या पोरी सायकलींवरून भराभर निघून जात होत्या. मी म्हटलं, "साहेब, शेवटी तुमचंच खरं ठरलं."

त्यांनी कठड्यावरचा हात काढला.

"ह्या पोरी चालल्या. ह्येंच्या आया तेवढ्या ऱ्हायल्या."