कंसातल्या शैलाताई

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीटसं कळत नाही.

माझी कारखान्यावरची ती कादंबरी कदाचित तुम्ही वाचली असेल. प्रयोगशील म्हणतात ती. निवेदक काहीतरी सांगत असतो आणि मध्येच कंसातून एक बाई त्याला खोडून काढते — न्हाई, असं न्हाई झालं! समीक्षकांनी त्या कंसांना डोक्यावर घेतलं. कादंबरी स्वतःचीच उलटतपासणी घेते, वगैरे. मीही मान डोलावली.

पण ते कंस — कसं सांगू? चिंचवडहून चाकणला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा शैलाताईंची. चिखलीच्या जुन्या शेतकरी घरातल्या, कंपनीत स्टोअर सांभाळणाऱ्या. बसमध्ये कुणी कुणाची जागा घेत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं मी लिहिलेलं वाचायचो आणि त्या ऐकायच्या. ऐकायच्या कसल्या — वाक्यावाक्याला अडवायच्या! मी चिडायचो. आणि घरी जाऊन त्यांचा शब्द न् शब्द कंसात घालायचो.

कादंबरीसाठी माझा सत्कार झाला, त्या दिवशी कुणीतरी विचारलं, ही कंसातली बाई कोण? शैलाताई समोरच होत्या, दुसऱ्या रांगेत, पैठणी नेसून — (पयल्या रांगेत. आन् पैठणी कसली, साधी इरकल व्हती.) मी माईक हातात घेऊन म्हणालो, कल्पनेतली आहे. टाळ्या पडल्या. त्यांनीही वाजवल्या. ते अजून टोचतं.

दुसऱ्या दिवशी त्या नेहमीच्या जागेवर बसल्या. मी नवं प्रकरण वाचलं. त्या म्हणाल्या, ‘छान हाय.’ पुढच्यालाही — ‘छान हाय.’ तेव्हापासून मी लिहिलेलं सगळं छानच आहे, आणि त्यात जीव नाही. ‘कल्पनेतली’ म्हणालो, कारण कौतुकात वाटेकरी नको होता मला. भित्रेपणा होता तो — (आन् चोरी. तेबी लिवा.) — आणि चोरी.

आज सकाळी हे पान इथवरचं बसमध्ये त्यांना वाचून दाखवलं. ‘दुसऱ्या रांगेत’ इथवर आलो आणि शेजारून तो आवाज! इतका आनंद झाला मला, की पेन सापडेना. या पानावरचे कंस शैलाताईंचे आहेत. कादंबरीतलेही सगळे त्यांचेच. प्रकाशकाला तसं कळवलंय. पुढच्या आवृत्तीवर माझ्या नावाशेजारी त्यांचं नाव असेल.

वाचून संपलं तेव्हा बस कंपनीच्या गेटात शिरत होती.

(ह्ये काय छान न्हाई झालं, भाऊ. उद्या परत वाचा.)