कळसच्या पाव्हण्यांचं अंडं

दोन हजार तेवीस साल. मला चौऱ्याहत्तर पुरी झालेली. बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके पायाखाली घालून झाल्यावर मी छातीठोक सांगतो, की कळसच्या माझ्या व्याह्यांइतका दगडावर जीव लावणारा माणूस ह्या मुलखात दुसरा झाला नाही. मी स्वतः दगडातलाच. चौथीत शाळा सुटली आणि हातात पहार आली ती आली. दीडशेवर विहिरी खोदल्या. पहारीचा आवाज ऐकून खाली मुरूम आहे का काळा पाषाण, हे काठावर उभा राहून सांगायचो, आणि त्यात कुणी मला खोटं पाडलेलं नाही. पण मी दगड फोडला तो पाण्यासाठी. व्याही दगड घरी न्यायचे, धुवायचे, धोतराच्या सोग्यानं पुसायचे, आणि बाबा तू कोण, कुठला, किती वर्षांचा, हे त्यालाच विचारत बसायचे.

आमची सोयरीकही दगडावरच जुळली. तीस वर्षांपूर्वी ते मुलगी बघायला आमच्या अंथुर्ण्याला आले. मुलगी पोहे घेऊन बाहेर आली, बसली, पोहे निवले, तरी मुलाचा बाप जागेवर नाही. बघतो तर हे अंगणात उकिडवे बसून माझ्या विहिरीतून निघालेल्या गारगोट्या एकेक करून उन्हात धरतायत. त्यांच्या मंडळी ओसरीवरून ओरडल्या, "अवो, पोरगी बघाय आलाय का दगूड?" मान न वळवता हे म्हणाले, "पोरगी तू बघ. असलं रतन अंगणात टाकून देणारी माणसं लबाड नसणार, एवढं मला दिसलं." मानपानाची बोलणी निघाली तेव्हा त्यांनी दोन गारगोट्या मागितल्या. लग्नातही नवऱ्या मुलाच्या बापाच्या खिशात सुपारीच्या जोडीला एक खडा होताच.

दगड ओळखायची त्यांची पद्धत स्वतःची. आधी वास घ्यायचे, मग जिभेला लावायचे, मग दातावर टकटक वाजवून कान देऊन ऐकायचे. जिभेला चिकटला तर ते हाड, नाही चिकटला तर तो दगड, असा त्यांचा कायदा. वाटेत चांगला खडा दिसला की बोलणं अर्धं टाकून खाली वाकणार. एकदा मोरगावला देवाला गेले आणि येताना प्रसादाच्या पिशवीत कऱ्हेच्या काठावरची पांढरी माती भरून आणली. एसटीत कंडक्टरनं विचारलं, "आजोबा, काय हाय ह्यात?" हे म्हणाले, "राख." "कुणाची?" हे म्हणाले, "ते काय सांगता येत न्हाय, लई जुनी हाय." शेजारचा माणूस उठला, पुढच्या बाकावरची बाई उठली, आणि व्याही कळसपर्यंत दोन बाकांवर ऐसपैस आले. पुढं जाणत्या माणसांकडून कळलं, की ती खरोखरच राख होती. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा डोंगरानं ओकलेली, माणसाला मोजता येणार नाही इतकी जुनी. म्हणजे माणूस अगदीच हवेतलं बोलत नव्हता, हेही सांगितलं पाहिजे.

पण बाकीच्या दगडांचं काय सांगू! मी लेकीला भेटायला कळसला गेलो, की चहाच्या आधी ताटात दगड यायचे. "पाव्हणं, हा नागाचा मणका. व्हय ना?" असायचा चुनखडीचा खडा. "पाव्हणं, ही आभाळातनं पडलेली चांदणी." असायचं लोहाराच्या भट्टीतलं किटण. आता मुलीचा बाप मुलाकडच्यांच्या ओट्यावर बसून 'न्हाय' म्हणत नसतो. आमच्यात तशी रीतच नाही. आपली लेक त्यांच्या घरात नांदते, तिला बोल लागायला नको. मी आपला बशीत बघत म्हणायचो, "व्हय, असंल." तीस वर्षं मी एवढंच म्हणालो. तेवढ्यावर त्यांचं घर दगडांनी भरलं. पिठाच्या डब्यामागं दगड, देव्हाऱ्यात दगड, नातवाच्या पाळण्याखाली दगड.

आणि मग तेवीस साली ते अंडं निघालं. कुणाच्या तरी शेततळ्याच्या खुदाईत कलिंगडाएवढा गुळगुळीत गोटा मिळाला. व्याह्यांनी तो जुन्या गादीच्या कापसात ठेवला आणि गावात सांगितलं, डायनासोरचं अंडं. मलाही विचारलं. मी म्हणालो, "व्हय, असंल." गाव बघायला लोटलं. हेडमास्तरांनी शाळेत व्याह्यांच्या दगडांचं प्रदर्शन ठरवलं आणि बारामतीहून कॉलेजातल्या एका जाणत्या बाईंना बोलावलं. आदल्या दिवशी लेकीचा फोन आला. सासऱ्यांना ती मामा म्हणते. "आबा, आज या. उद्या मामा सगळ्या गावाफुडं अंडं म्हणून सांगणार, आन् ती बाई तितंच दगूड हाय म्हणणार. लोकं आत्ताच गालात हसत्यात. उद्या तोंडावर हसली, तर ह्यो माणूस परत पारावर जाऊन बसायचा न्हाय."

मी गेलो. चहा आला, तो मी खाली ठेवला. म्हणालो, "पाव्हणं, हे अंडं न्हाय. गोटा हाय. असलं हजारभर मी फोडल्यात. कडंनं हळू हाणलं की कांद्यावानी पापुद्रं निघत्यात."

व्याही हसले. "थट्टा करताय व्हय? गेल्या म्हैन्यात तुमीच व्हय म्हणलासा."

"म्हणलो."

"मग?"

"मुलीचा बाप हाय मी."

व्याही उठले आणि फळीवरून एक दोनशे पानी वही काढून माझ्यापुढं धरली. मी अक्षर लावून लावून वाचतो. दगडाचा नंबर, कुठं मिळाला, काय आहे, आणि शेवटच्या रकान्यात वर लिहिलेलं, 'खात्री'. त्याच्या खाली ओळीओळीला एकच, 'अंथुर्णेकर पाव्हणे', म्हणजे मी. पान उलटलं, पुन्हा तेच. अंथुर्णेकर पाव्हणे, अंथुर्णेकर पाव्हणे.

"दीडशे हिरी खांदलेला माणूस घरचाच हाय म्हणलं," व्याही म्हणाले, "म्हणून दुसऱ्या कुणाला इचारलंच न्हाय मी. पोरीला तीस वर्षं झाली हितं. तिची पोरं लग्नाला आली. आन् तुमी अजून मुलीचा बापच?"

मी वही पहिल्या पानावर उघडून त्यांच्यापुढं सरकवली. म्हणालो, "पेन घ्या." ते नंबर वाचायचे, लेक दगड आणून द्यायची, मी सांगायचो. मणका गेला, चांदणी गेली, वाघाचा दात गेला. ते रागावतील असं वाटलं होतं, पण ते मान हलवून रेघ मारायचे आणि उलट विचारायचे, "मग हे काय हाय? कसं वळखलंसा?" एवढ्या वर्षांत आम्ही दगडावर खरं बोलत होतो ते पहिल्यांदा, आणि खोटं कशाला सांगू, मला गोडी लागली. संध्याकाळपर्यंत एकशे बारातले नऊ उरले. अंड्याच्या ओळीवर मात्र त्यांचा हात थांबला. "हेडमास्तरांनी फळ्यावर लिवलंय हे," एवढंच म्हणाले आणि रेघ न मारता वही मिटली. मग जेवायलाही नीट बसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गोटा मी माझ्या खांद्यावर घेतला. व्याही मागून नको नको म्हणत आले. शाळेच्या पटांगणात सगळं गाव बसलेलं. गोटा टेबलावर ठेवला आणि बाई चष्मा लावतायत तेवढ्यात मी मोठ्यानं सांगितलं, "बाई, ह्यो नुसता गोटा हाय. अंडं हाय म्हणून ह्यांना मीच सांगितलं हुतं. चूक ह्यांची न्हाय, माझी हाय." पोरं हसली, पारावरची माणसं हसली. सगळी मला हसली. एकटे व्याही हसले नाहीत. त्यांनी धोतराच्या सोग्यानं आपल्या शेजारची खुर्ची पुसली आणि म्हणाले, "पाव्हणं, हितं बसा."